आरोपी हजर नाही

'वळू'मधला मला सगळ्यात आवडलेला विनोद कुणाच्याच तोंडी नाही, तो गोष्टीच्या मुळाशीच आहे. कुसवडे गावात डुरक्या नावाचा वळू माजलाय आणि त्याला धरायला गाव बोलावतं कुणाला, तर वनखात्याच्या अधिकाऱ्याला. आता बैलाचा आणि वनखात्याचा संबंध काय? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, बैल कुठल्याच अनुसूचीत नाही. बैल म्हणजे घरचं जनावर. पण देवाला सोडलेल्या, गावाच्याच उभ्या पिकावर पोसलेल्या त्या जनावराला गाव एक दिवस परकं ठरवतं. आणि एकदा परकं ठरवलं की मग त्याला धरायला जंगलाकडचाच माणूस लागतो.

उमेश कुलकर्णी यांचं दिग्दर्शन, लेखन गिरीश कुलकर्णी यांचं, साल २००८. रॉटरडॅमच्या महोत्सवात जाऊन आलेला सिनेमा म्हटल्यावर आमच्या घरी तेव्हा जरा धास्तीच होती. महोत्सवातल्या सिनेमात शेवटी कुणीतरी विहिरीत उडी मारतं आणि मग बराच वेळ नुसतं पाणी दिसत राहतं, असा आमच्या सासऱ्यांचा अनुभव. नौपाड्यातल्या एका जुन्या एकपडदा थिएटरात आम्ही 'वळू' पाहिला आणि सगळ्यात मोठ्याने सासरेच हसत होते. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. घरी येताना रिक्षात म्हणाले, "आमच्या गावात असा होता एक. सगळे शिव्या घालायचे, पण कुणाची गाय लावायची असली की त्यालाच शोधत फिरायचे."

शहरात वाढलेल्यांसाठी हे जरा सांगायला हवं. वळू देवाच्या नावाने सोडतात. कधी नवस असतो, कधी घरातलं माणूस गेल्यावर अकराव्या दिवशीच्या विधीत वृषोत्सर्ग करतात, कधी गावच वर्गणी काढतं. एकदा सोडला की त्याला वेसण नाही, दावं नाही, औत नाही. कुणाच्याही शेतात शिरला तरी काठी मारायची नाही. गावातल्या गाईंसाठी त्याची गरज असतेच, त्यामुळे ही नुसती भक्ती नाही, चोख व्यवहारही आहे. पण व्यवहारातल्या एका पक्षाला आपण व्यवहारात आहोत हेच ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं, की हिरवं दिसलं की खायचं आणि कुणी अडवत नाही. एक दिवस अचानक सगळे अडवायला लागतात. करार बदलल्याची नोटीस त्याला कोण देणार?

न समजलेल्या परक्या माणसावरचे सिनेमे मी पुष्कळ पाहिलेत, इथले आणि बाहेरचेही. त्यांची एक खोड मला खटकते. परका माणूस आतून साखरेसारखा गोड असतो आणि गाव आतून कडू. पहिल्या वीस मिनिटांतच आपल्याला कळतं की आपण कुणाच्या बाजूने बसायचंय. मग गाव त्याला दगड मारतं, आपण रुमाल काढतो, आणि थिएटरातून बाहेर पडताना आपण त्या गावातले नाही याचं समाधान घेऊन घरी जातो. 'वळू' असं समाधान देत नाही. एक तर डुरक्या बैल आहे. तो मनोगत सांगत नाही, पावसात उभा राहून रडत नाही, शेवटी एखाद्या पोराचा जीव वाचवून स्वतःला सिद्ध करत नाही. तो चरतो, उधळतो, नाहीसा होतो. तो निर्दोष आहे असंही सिनेमा शपथेवर सांगत नाही. बैलाने नासधूस केलीच असणार, बैलच तो.

दुसरं म्हणजे, गाव वाईट नाही. मोहन आगाशेंचा सरपंच घ्या. वळू धरून दाखवला की आपलं वजन वाढेल एवढाच त्याचा साधा हिशोब. नंदू माधवांचा आबा त्याचा विरोधक. वळू सुटला तर बरं, म्हणजे सरपंच तोंडघशी पडेल, हा त्याचा हिशोब. दिलीप प्रभावळकरांचा भटजी, मदतीला सदैव पुढे असणारा आणि वनाधिकाऱ्याचं शेपूट सोडायला तयार नसलेला जीवन, या सगळ्यांना डुरक्याचं काहीतरी काम आहे. त्यांच्यावर राग धरता येत नाही, कारण ते आपले मामा-मावश्याच आहेत. मी तर निर्मिती सावंत यांच्या पात्रात माझ्या एका आत्याला ओळखलं.

आणि तो कॅमेरा! वनाधिकारी गड्डमवार, म्हणजे अतुल कुलकर्णी, एकटे येत नाहीत. धाकटा भाऊ सोबत आहे आणि त्याला भावाच्या मोहिमेवर माहितीपट करायचाय. गावाच्या हातात याहून धोकादायक वस्तू कुणी दिली नसती. कॅमेरा समोर आला की माणूस आठवत नाही, रचतो. डुरक्याच्या तक्रारी सांगताना लोकांचे चेहरे बघा, त्यात भीती कमी आणि हौस जास्त आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शहरातून येऊन विचारतंय, सांगा, तुमच्याबाबतीत काय घडलं? आणि घडलेलं तर फार काही नसतं. मग डुरक्या मोठा करावा लागतो. अर्धा सिनेमा झाला तरी आपल्याला डुरक्या तुकड्या-तुकड्यानेच भेटलेला असतो, पण त्याच्याविषयीची साक्ष मात्र ढिगाने जमा झालेली असते. खटला रंगात आलाय, आरोपी हजर नाही.

गावात वेडी ठरवलेली एक बाईही आहे, आणि डुरक्याविषयी तिचं मत गावापेक्षा वेगळं आहे. हे पात्र मला थोडं सोपं वाटतं. शहाण्यांच्या गावात वेडीलाच खरं कळतं ही आपल्याकडच्या नाटक-सिनेमांची जुनी सवय आहे. पण ज्योती सुभाष समोर असल्या की मी तक्रारी जपून करते.

याच जोडीने पुढे २०११मध्ये 'देऊळ' केला. तिथे केशा हरवलेल्या करडी गाईला शोधायला जातो, त्याला दत्ताचा दृष्टान्त होतो आणि गावात देवाची बाजारपेठ उभी राहते. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, एका दुसऱ्या चित्रपटासोबत विभागून. त्याची चर्चाही जास्त झाली. मला मात्र आजही 'वळू'च वरचढ वाटतो, कारण त्यात पैसा नाही. निव्वळ बोलण्यातून, एकाने दुसऱ्याला सांगण्यातून एखादं जनावर कसं राक्षस होतं, हे त्यात दिसतं. पैशाने बिघडलेल्या गावावर सिनेमा करणं त्यामानाने सोपं.

हे सगळं मी इतक्या तावातावाने सांगतेय, कारण आमच्या सोसायटीत हा सिनेमा घडला. बैलाच्या जागी बिबट्या होता आणि कुसवड्याच्या जागी ठाणं.

आम्ही येऊरच्या पायथ्याला राहतो. सकाळी खिडकी उघडली की डोंगर दिसतो म्हणून फ्लॅटचे भाव वर गेलेत, आणि त्याच डोंगरातून कुणी खाली उतरलं की सगळे बिल्डरच्या नावाने खडे फोडतात. पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. त्याच्या तिन्ही अंगांना शहर चिकटलेलं. २०१५मध्ये कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि आजूबाजूच्या जंगलपट्ट्यात ३५ बिबटे आढळले होते. पुढच्या मोजण्यांमध्ये आकडा वाढला. म्हणजे आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या हिरव्या रंगात कुणीतरी राहतं, ही काही गुप्त बातमी नव्हे.

२० फेब्रुवारी २०१९ची सकाळ ठाणेकर विसरणार नाहीत. पहाटे कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. मग तो समतानगर भागात एका हॉटेलच्या तळघरात सापडला आणि वनविभाग, उद्यानाचं बचाव पथक असे सगळे जमून गुंगीचं इंजेक्शन देऊन त्याला घेऊन गेले. काही तासांचं काम. त्या काही तासांत माझ्या फोनवर तोच व्हिडिओ इतक्या ठिकाणांहून आला की बिबट्यांचा कळपच शहरात उतरलाय असं वाटावं. इंजेक्शन मारलं की जनावर सिनेमातल्यासारखं धाडकन पडत नाही. औषध चढायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ते बिथरून कुठेही धावू शकतं. म्हणून अशा वेळी पथकाला सगळ्यात जास्त धाक बिबट्याचा नसतो, मोबाइल उंच धरून उभ्या असलेल्या आपल्यासारख्यांचा असतो. 'वळू'तही डुरक्याला धरायचं ठरतं आणि त्याची जत्रा होते. माणसं घाबरलेली असती तर घरात बसली असती, नाही का?

आमच्या सोसायटीतला प्रकार त्यानंतर बऱ्याच काळाने घडला, पण मॉलच्या त्या व्हिडिओने सगळ्यांची तयारी करून ठेवली होती. कमिटीत महिलांसाठी राखीव जागा असतात आणि त्या भरायला कुणी पुढे येत नाही, म्हणून मी कमिटीत आहे. माझं अक्षर बरं आहे, म्हणून मिनिट्सही मीच लिहिते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच अक्षरात सोसायटीच्या वहीत आहे.

सुरुवात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने केली. हा भाड्याने राहणारा, एकटा, मराठवाड्यातून आलेला. ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळी करतो आणि पहाटे तीन-साडेतीनला बाईकवरून परत येतो. एकट्या मुलांना भाड्याने जागा द्यावी की नाही यावर आमच्याकडे दर वर्षी चर्चा होते आणि दर वर्षी ज्यांचे फ्लॅट भाड्याने दिलेत ते सभासद ती उधळून लावतात. या मुलाविषयी वहीत आधीच तीन नोंदी होत्या: बाईकचा आवाज, चपला लिफ्टसमोर, आणि गेटबाहेरच्या कुत्र्यांना बिस्किटं.

त्याने एका पहाटे ग्रुपवर लिहिलं, की मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीजवळ बिबट्या बसलाय. सकाळी सगळे उठले तेव्हा त्याखाली हसण्याच्या चिन्हांची रांग लागली. कुणी विचारलं, कुठला ब्रँड घेतला होता? सेक्रेटरींनी लिहिलं, रात्री तीनला मेसेज करू नयेत, ज्येष्ठ नागरिक आहेत. मुलगा दुपारी माझ्याकडे आला. "काकू, मी पाहिलंय ना. निवांत बसलेलं होतं. माझ्याकडं बघितलं आन् पलीकडं उतरलं. मी गाडी बंद करून दहा मिनिटं तिथंच उभा होतो." मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाला, "वाटली की. पण त्यालाबी वाटली असेल."

दोन-तीन दिवसांनी शेजारच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या सापडला. आता मुलाची कुणीतरी माफी मागेल, निदान "खरंच होतं रे" म्हणेल, असं वाटलं असेल तर तुम्ही सोसायटीत राहत नाही. तातडीची मीटिंग बोलावली गेली आणि पहिलाच मुद्दा निघाला, की बिबट्या कुत्र्यांच्या मागावर येतो आणि कुत्र्यांना गेटवर कोण जमवतं? आठवड्याभरापूर्वी त्याला बिबट्या दिसला म्हणून तो खोटा होता, आता बिबट्या खरा निघाला म्हणून तो दोषी. बिबट्या आणि हा मुलगा, दोघांच्याही विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा एकच होता, की हे रात्री बाहेर असतात.

त्या मीटिंगमध्ये बिबट्याच्या खात्यावर काय काय जमा झालं ते वहीत वाचण्यासारखं आहे. पोडियमवरच्या कुंड्या फुटल्या. ए विंगच्या एका गाडीचा आरसा तुटला. एका आजोबांचा रक्तदाब वाढला. एका मुलीचे सहामाहीत गुण कमी पडले, कारण संध्याकाळी क्लासला पाठवायची भीती वाटते. लिफ्ट मधेच थांबते हा विषयही कुणीतरी घुसवला आणि गडबडीत तो बिबट्याच्या ठरावाखालीच लिहिला गेला. मी विचारलं, लिफ्ट वेगळी लिहू का? सेक्रेटरी म्हणाले, "राहू दे, एकाच पत्रात जाईल." वनखात्याला लिफ्टची तक्रार गेली. मला तेव्हा कुसवड्याचे सरपंच डोळ्यांसमोर आले आणि हसू आवरण्यासाठी मी वहीत मान घातली.

दोन मागण्या पुढे आल्या. एक, पिंजरा लावावा. दोन, मुलाच्या घरमालकाला पत्र द्यावं की करार पुढे वाढवू नये. दोन्ही ठराव एकाच दमात, एकाच आवाजात मंजूर झाले.

तिसरी मागणीही होती, ती माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची. त्या येऊरच्या एका पाड्यावरून उतरून येतात, पहाटे अंधारात. मीटिंगआधी मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला काय हवं? त्यांनी जराही विचार न करता सांगितलं, "टॉर्च द्या ताई, चांगला. मागच्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत कधीचे." बिबट्याचं त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. कचराकुंडी बंद ठेवा, असंही त्या म्हणाल्या. कुंडी उघडी, म्हणून कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. मी दोन्ही गोष्टी वाचून दाखवल्या. टॉर्चचा खर्च सोसायटीने का करावा यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

पाड्यांवर वाघोबा आहे. ठाणे-पालघरच्या वारली वस्त्यांमध्ये त्याची ठाणी आहेत. कुठे लाकडावर कोरलेला, कुठे दगडावर शेंदूर लावलेला. दिवाळीच्या आधी, अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराला ओवाळतो. डोंगरातले बरेच लोक त्याच तिथीला वाघबारस करतात. एकाच दिवशी खाली गाईची पूजा आणि वर तिला खाणाऱ्याची. यात कुणी फार भोळं आहे असं समजू नये. वाघोबाला नैवेद्य दाखवताना मागणं रोखठोक असतं: आमची गुरं सोड, आम्ही तुझा मान ठेवू. बिबट्या देव झाला म्हणून तो निरुपद्रवी आहे असं त्यांना वाटत नाही. त्याने शेळी नेली की त्यांचंही नुकसान होतं आणि भरपाईसाठी खेटे घालावे लागतात. फरक असलाच तर एवढा, की तो कुठून आला हा प्रश्न त्यांना पडत नाही.

पत्र गेल्यावर वनखात्याचे एक अधिकारी खरंच आले. गड्डमवारांसारखे रुबाबदार नव्हते, सोबत माहितीपट काढणारा भाऊ नव्हता, आणि त्यांना चहाची घाई होती. क्लब हाउसमध्ये सगळे जमले. पिंजरा कधी लावताय, या प्रश्नावर त्यांनी शांतपणे सांगितलं की बिबट्या दिसला एवढ्यावर पिंजरा लावता येत नाही. पहिल्या अनुसूचीतलं जनावर, त्याला धरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि माणसाच्या जिवाला धोका आहे असं दाखवावं लागतं. मग ते म्हणाले, समजा लावला पिंजरा, तर तुमचाच बिबट्या त्यात येईल हे कशावरून? वाटेने जाणारा दुसराच कुणी येईल. आणि ही जागा रिकामी झाली की डोंगरातला तिसरा खाली येईल, तो बहुधा तरुण असेल, त्याला तुमच्या सवयी माहीत नसतील. हा जो आहे त्याला तुम्ही किती वाजता झोपता ते पाठ आहे.

ते जुन्नरचं बोलले. मी नंतर शोधून वाचलं तेव्हा त्यांनी कमीच सांगितलं होतं असं लक्षात आलं. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३च्या दरम्यान उसाच्या पट्ट्यातून बरेच बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांमध्ये सोडले गेले. हेतू चांगला होता. जनावर जंगलाचं, जंगलात नेऊन सोडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो २०११मध्ये प्रसिद्ध झाला. आधी वर्षाला माणसांवरचे हल्ले सरासरी चार होते, या मोहिमेनंतर ते सतरावर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात धडका देऊन जखमी झालेलं, माणसाच्या वासाने पिसाळलेलं जनावर. त्याला आपण परकं समजून उचललं, आणि नेऊन ठेवलं तिथे ते खरोखरच परकं झालं.

त्यात आजोबाची गोष्ट आलीच. २००९मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या. वय झालेला, शांत, म्हणून नाव आजोबा. गळ्यात पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो तिथे राहिला नाही. कसाऱ्याजवळ रेल्वे, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईची खाडी असं सगळं पार करत, साधारण १२० किलोमीटर चालून तो संजय गांधी उद्यानाकडे येऊन पोचला. वाटेत इतकी गावं, इतकी माणसं. कुणाला दिसला नाही, कुणाच्या अंगावर गेला नाही. रात्री चालायचं, दिवसा दडून राहायचं. पुढे २०११मध्ये रस्त्यावर एका वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर सिनेमाही निघाला, उर्मिला मातोंडकर होत्या त्यात.

अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि सभा गोंधळली. उद्यानाभोवतीचे बिबटे भटकी कुत्री खातात, त्यामुळे वर्षाला साधारण हजारभर माणसांना कुत्रा चावण्यापासून वाचवत असावेत, असा अंदाज एका अभ्यासात २०१८मध्ये मांडलाय. क्षणभर कुणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, "म्हणजे आता बिबट्याला मेंटेनन्स द्यायचा की काय?" हशा पिकला. वातावरण निवळलं ते तिथे. कचराकुंडीला झाकण लागलं, मागच्या रस्त्याच्या दिव्यांसाठी पालिकेला पत्र गेलं. मावशींना टॉर्च मीच घेऊन दिला होता, ते मी कमिटीला सांगितलं नाही, नाहीतर पायंडा पडतो.

मुलाच्या घरमालकाला दिलेलं पत्र मात्र कुणी मागे घेतलं नाही. पिंजऱ्याला कायद्याची आडकाठी होती, पत्राला तशी काहीच नव्हती. करार संपला आणि तो घणसोलीला राहायला गेला. ऐरोलीहून तिथे जाणं सोपं, म्हणून बरंच झालं, असं तोच म्हणाला. जायच्या आधी मी त्याला जेवायला बोलावलं. श्रीखंड खाता खाता त्याने नव्या जागेची अडचण सांगितली. तिथले लोक म्हणतात, हा ठाण्यातून काढलेला आहे, काहीतरी भानगड असणार.

गणपतीत क्लब हाउसमध्ये दर वर्षी एक सिनेमा लावतात. सांस्कृतिक समितीपुढे दोन नावं होती, मी तिसरं सुचवलं. 'वळू' विनोदी आहे, मुलांसोबत बघता येतो आणि त्यात निर्मिती सावंत आहेत, एवढंच मी सांगितलं. तेवढ्यावर मंजूर झाला. मुलालाही मी फोन केला, "ये रे." तो आला, मागच्या रांगेत वॉचमनशेजारी बसला.

लोक जोरदार हसले. सेक्रेटरी सगळ्यात जास्त. सरपंचाच्या प्रत्येक चालीवर ते शेजारच्याला कोपराने ढोसत होते. खजिनदार म्हणाले, हा आबा म्हणजे आपला सी विंगचा अमुक. सी विंगच्या अमुकांनी ते ऐकलं आणि मध्यंतरात थोडी बोलाचाली झाली. तुम्ही म्हणाल, कुणाला तरी आपलं काही दिसलं असेल. मला तशी चिन्हं आढळली नाहीत. माणूस स्वतःला सोडून सगळ्यांना ओळखतो, आणि चांगल्या विनोदी सिनेमाची गंमतच ती आहे. तो आरशासारखा समोर धरला तर लोक उठून जातील.

सिनेमा संपल्यावर पेढे वाटताना सेक्रेटरी माझ्याजवळ आले. "वहिनी, मस्त होता हं. पण मला एक सांगा, एवढा मोठा वळू धरला, तर त्याला नेऊन ठेवला कुठे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"गोशाळेत दिला असेल."

"माजलेला वळू गोशाळा घेत नाही साहेब," मागून वॉचमन म्हणाला. तो यवतमाळकडचा, घरी चार बैल. "आन् जंगलात सोडला तं टिकत नाही. त्याले शिकार करता येत नाही न् कळप नाही."

"मग सोडला असेल शेजारच्या तालुक्यात," खजिनदार म्हणाले. "आपल्याकडची कटकट गेली म्हणजे झालं."

"झालं कसं?" ग्राउंड फ्लोअरच्या जोशीकाकू पेढ्यांचं ताट खाली ठेवत म्हणाल्या. त्या मीटिंगमध्ये पिंजऱ्यासाठी सगळ्यात आधी हात वर केला होता तो त्यांनीच. "शेजारच्या तालुक्यात आमचं माहेर आहे!"